मुलासाठी बजेटमध्ये तयार गेमिंग पीसी : आधी गेमची यादी, मग मशीन

गेमिंग पीसी घेताना बहुतेक पालक उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आवडतं. मग ‘आय-७, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स’ अशी ओळ वाचून पैसे दिले जातात, आणि पंधरा दिवसांत मूल सांगायला येतं की गेम अडकतोय. गंमत म्हणजे त्या ओळीत खोटं काहीच नसतं. आय-७ असतो, पण २०१२ सालचा. ग्राफिक्स कार्डात ४ जीबी मेमरी असते, पण ते कार्ड गेमसाठी बनवलेलंच नसतं.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. मशीन बघायला जायचं ते पाचव्या टप्प्यानंतर. त्याआधी बघितलं तर दिवे जिंकतात, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

## टप्पा १ : गेमची यादी करा, आणि ती मुलाकडूनच घ्या

कागद-पेन घेऊन मुलासोबत बसा. ‘तुला कोणते गेम खेळायचेत?’ एवढंच विचारलंत तर वीस नावं येतील, त्यातली पंधरा फक्त यूट्यूबवर पाहिलेली. त्याऐवजी हे विचारा : तुझे मित्र-मैत्रिणी आत्ता काय खेळतात? ते फोनवर खेळतात, कन्सोलवर की पीसीवर? आणि येत्या सहा महिन्यांत तू नक्की खेळशील असे तीन गेम कोणते?

ही तीन नावं तीनपैकी कोणत्या गटात पडतात ते बघा.

हलके : रोब्लॉक्स, साधं माइनक्राफ्ट, रॉकेट लीग, व्हॅलोरंट. यांना महागडं कार्ड लागत नाही. प्रोसेसरमध्येच बरे ग्राफिक्स असतील, उदाहरणार्थ एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी, तर हे गेम खेळता येतात.

मधले : शेडर (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी जोड) लावलेलं माइनक्राफ्ट, चांगल्या चित्रासह फोर्टनाइट, जीटीए ५, फोर्झा होरायझन ५. इथे वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच.

जड : सायबरपंक २०७७ सारखे मोठे, नवे गेम. कमी बजेटमध्ये हे चालतील, पण सेटिंग खाली आणून. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर हिरमोड होत नाही.

यादी करताना चार गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, फोनवरचे गेम. मुलाचा आवडता गेम मुळात मोबाईलचाच असेल तर तो पीसीवर एम्युलेटरमधून, म्हणजे फोनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममधून, चालवावा लागतो, आणि तिथे त्याला बहुधा इतर पीसीवाल्यांसोबतच खेळावं लागतं. फोनवरच्या मित्रांसोबत खेळण्यासाठी पीसी घेत असाल तर बेत पुन्हा तपासा.

दुसरी, माइनक्राफ्टच्या दोन आवृत्त्या, जावा आणि बेडरॉक. पीसीवर दोन्ही एकत्र विकत मिळतात, पण फोन आणि कन्सोलवर खेळणाऱ्या मित्रांशी जोडणारी आवृत्ती बेडरॉक. मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) आणि शेडरची सगळी हौस जावामध्ये. तुमचं मूल कोणती खेळणार ते विचारून कागदावर लिहा.

तिसरी, विंडोज. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालतच नाहीत. ‘विंडोजचे पैसे वाचवू, लिनक्स टाकू’ असं सुचवणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला ही यादी दाखवा.

चौथी, वय. जीटीए ५ ला युरोपच्या पेगी पद्धतीत १८ चं मानांकन आहे, फोर्टनाइटला १२ चं. अकरा वर्षांच्या मुलाच्या यादीतून जीटीए ५ वगळलंत तर कदाचित मधल्या गटातलं कार्डच लागणार नाही. पैसे वाचवायची एवढी सोपी जागा पुढे कुठे येत नाही.

> तपासा : प्रत्येक गेमच्या अधिकृत पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ अशा दोन गरजा दिलेल्या असतात. शिफारस केलेली बघा. ‘किमान’ म्हणजे गेम कसाबसा उघडतो, एवढंच.

## टप्पा २ : बजेटचे तुकडे पाडा

तुमच्या डोक्यातला आकडा टॉवरचा, म्हणजे नुसत्या मुख्य डब्याचा, आहे की सगळ्याचा? घरी मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन यातलं काय आधीच आहे? विंडोजचं लायसन्स किमतीत धरलंय का? या प्रश्नांची उत्तरं लिहून झाल्यावर उरलेली रक्कम टॉवरची. त्यातला दहावा हिस्सा बाजूला ठेवा. वाय-फायचं अडॅप्टर, एखादी केबल, एखादा गेम यात तो हमखास जातो.

टॉवरच्या किमतीचा साधारण अंदाज असा : शंभरातले पस्तीस ते पंचेचाळीस ग्राफिक्स कार्डाचे, वीसेक प्रोसेसरचे आणि उरलेल्यात बाकी सगळं. प्रोसेसर भारी आणि कार्ड फुटकळ असलेलं मशीन हे ऑफिसचं मशीन असतं, त्याला दिव्यांच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात इतकंच.

स्क्रीनचा निर्णयही इथेच घ्या, कारण कार्ड त्यावरून ठरतं. बजेटमध्ये १०८० पिक्सेलचा, म्हणजे फुल एचडी मॉनिटर घ्या. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पाहणीतही सर्वाधिक लोक याच रिझोल्यूशनवर खेळताना दिसतात. ४के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात आणि बजेटमधलं कार्ड तिथे दम तोडतं. घरचा ४के टीव्हीच वापरणार असाल तर गेमचं रिझोल्यूशन १०८० वर ठेवा आणि टीव्हीतला गेम मोड चालू करा.

## टप्पा ३ : ग्राफिक्स कार्ड, नावासकट आणि मेमरीसकट

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. फसवणूक असो की गैरसमज, दहापैकी आठ वेळा तो या एका भागात होतो.

‘४ जीबी ग्राफिक्स’ हे वर्णन नाही. जीटी ७३० नावाचं कार्ड २०१४ चं आहे आणि ते ४ जीबी मेमरीसकटही मिळतं. मेमरी म्हणजे टेबलाचा आकार. टेबल कितीही मोठं असलं तरी काम करणारा हळूच असेल तर काय उपयोग? जीटी ७१०, जीटी ७३०, जीटी १०३० ही नावं दिसली की पुढे चला. ही कार्डं पडद्यावर चित्र दिसावं एवढ्यासाठी असतात. शिवाय जीटी १०३० मध्येही दोन प्रकार आहेत. डीडीआर४ मेमरीचा प्रकार जीडीडीआर५ वाल्यापेक्षा कितीतरी हळू.

थोडी वरची, पण वय झालेली कार्डं म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १०६०. एकेकाळी बजेटचे राजे होते. पण या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) देणं ती बनवणाऱ्या एन्व्हिडियाने २०२५ मध्ये थांबवलं आणि आता फक्त सुरक्षेचे अपडेट उरलेत. आज मुलासाठी पैसे घालून ही घेऊ नका. कोणी फुकट दिलं तर गोष्ट वेगळी.

मग घ्यायचं काय? माझी उतरंड अशी आहे.

अगदी तळाशी : जीटीएक्स १६५० (४ जीबी) किंवा आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार. हलके गेम आरामात, मधले गेम सेटिंग उतरवून. इथे एक खाच आहे. आरटीएक्स ३०५० चे ८ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार आहेत, आणि फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबी वाल्यात आतले कोअर, म्हणजे काम करणारे भाग, हेही कमी आहेत, त्यामुळे ते हळू आहे. जाहिरातीत नुसतं ‘आरटीएक्स ३०५०’ लिहिलं असेल तर ते ६ जीबीच समजा.

पैशाला जागणारं : आरएक्स ६६०० (८ जीबी). फुल एचडीसाठी बजेटमध्ये मी सगळ्यात आधी हेच शोधतो. आरटीएक्स ३०६० चा १२ जीबी प्रकारही याच रांगेतला. त्याचाही ८ जीबीचा एक हळू भाऊ आहे, तेवढा टाळा.

हात थोडा सैल असेल तर : आरटीएक्स ४०६०, आरएक्स ७६००, आरटीएक्स ५०६०. तिन्ही ८ जीबी. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचं चांगलं कार्ड आहे, पण रिसायझेबल बार ही सोय मदरबोर्डात चालू असेल तरच. जुन्या प्रोसेसरसोबत ते गळपटतं, म्हणून जुन्या मशीनमध्ये बसवलेलं असेल तर नको म्हणा.

आरएक्स ६५०० एक्सटी हे नाव वरच्या यादीत मुद्दामच नाही. क्रमांक ६६०० च्या शेजारचा वाटतो, पण मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या लेन (माहितीच्या वाटा) फक्त चार. पीसीआय एक्स्प्रेस ३.० च्या जुन्या बोर्डात त्याची गती आणखी पडते. सेकंडहँड आरएक्स ५८० घेताना त्यापुढे ‘२०४८ एसपी’ लिहिलंय का बघा. तसं असेल तर ते नावाने ५८० आणि प्रत्यक्षात ५७० च्या बरोबरीचं.

> सावध : ‘आरटीएक्स सिरीज’, ‘गेमिंग ग्राफिक्स’, ‘८ जीबी कार्ड’ असे शब्द असतील आणि पूर्ण क्रमांक नसेल, तर विक्रेत्याला क्रमांक माहीत आहे आणि तो सांगायचा नाहीये, असं गृहीत धरा.

## टप्पा ४ : प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

इंटेलचे आय-३, आय-५, आय-७ हे दर्जे एकाच पिढीत तुलना करण्यापुरते. पिढी कळते ती पुढच्या क्रमांकावरून. आय-७ ३७७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२. आय-३ १२१०० म्हणजे बारावी पिढी, २०२२. दोन्हींत कोअर चार आणि थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आठ. तरी हा ‘छोटा’ आय-३ त्या ‘मोठ्या’ आय-७ ला गेममध्ये सहज मागे टाकतो, कारण मधे दहा वर्षं गेली आहेत.

इंटेलचा तीन आकडी किंवा चार आकडी क्रमांक दिसला तर थांबून पिढी बघा. २६००, ३७७०, ४७७० असे असतील तर सोडून द्या. इंटेलच्या अगदी नव्या प्रोसेसरना ‘कोअर अल्ट्रा’ असं नाव आहे. तिथे हा हिशोब लागू नाही.

बजेटमध्ये चांगले : आय-३ १२१००एफ, आय-५ १२४००एफ, रायझन ५ ५६००. रायझन ५ ५५०० चालेल, फक्त त्याची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) ५६०० च्या निम्मी आहे. रायझन ५ ४५०० नावाने जवळचा वाटला तरी मागच्या पिढीचा आणि कॅश आणखी कमी, ८ एमबी. स्वस्त तयार मशीनमध्ये तो फार दिसतो.

शेवटच्या अक्षराकडे दुर्लक्ष करू नका. इंटेलच्या क्रमांकामागे ‘एफ’ असेल तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाहीत. कार्ड बिघडलं की पडदा काळा. रायझनच्या ५००० मालिकेत उलट आहे, क्रमांकामागे ‘जी’ असेल तरच आत ग्राफिक्स असतात.

आत्ता कार्ड परवडत नसेल तर रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी चं मशीन घेऊन कार्ड नंतर बसवणं, हा सरळ मार्ग आहे. अट एकच : त्या मशीनचा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, उद्याचं कार्ड पेलणारा असायला हवा. नाहीतर नंतर दोन वस्तू घ्याव्या लागतात.

## टप्पा ५ : उरलेले भाग, जे जाहिरातीत कधीच येत नाहीत

रॅम : १६ जीबी, आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एकच १६ ची पट्टी असेल तर मेमरीचा एकच रस्ता वापरला जातो आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होतात. वेगळं कार्ड नसलेल्या मशीनमध्ये तर हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण तिथे ग्राफिक्ससुद्धा हीच रॅम वापरतात. डीडीआर३ असेल तर मशीन जुनं आहे, विषय संपला.

साठवण : एसएसडी. शक्यतो एनव्हीएमई (थेट मदरबोर्डात बसणारी, जास्त वेगवान), आणि शक्यतो १ टीबी. आजकालचे काही गेम एकेकटे १०० जीबीच्या वर जातात, त्यामुळे २५६ जीबी महिनाभरात भरते. ‘१ टीबी हार्ड डिस्क’ वाचून खूश होऊ नका; त्यावर गेम उघडेपर्यंत मूल दुसऱ्या खोलीत जाऊन येतं.

एसएमपीएस : स्वस्त तयार मशीनमध्ये विक्रेता पैसे वाचवतो ते इथे. एएमडी आरएक्स ६६०० साठी किमान ४५० वॉट सांगते, एन्व्हिडिया आरटीएक्स ४०६० साठी ५५० वॉट. पण नुसता वॉटचा आकडा पुरेसा नाही. डब्यावर ५०० लिहिलेला बिनब्रँडचा एसएमपीएस भार आला की बंद पडतो, आणि जाताना एखादा भाग सोबत घेऊन जातो. ब्रँड आणि मॉडेल विचारा. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हे वीज किती वाया जाते त्याचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नाही. तरी प्रमाणपत्र नसलेल्यापेक्षा असलेला बरा.

कॅबिनेट : पुढच्या बाजूला जाळी हवी. पुढे बंद काच आणि तिच्यामागे तीन रंगीत पंखे म्हणजे हवा येणार कुठून?

वाय-फाय : बऱ्याच डेस्कटॉप मदरबोर्डांत ते नसतंच. लॅपटॉपच्या सवयीमुळे हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मशीन घरी आल्यावर इंटरनेट लागत नाही.

मदरबोर्ड : एवढंच विचारा, रॅमचे खाचे किती आणि एनव्हीएमईच्या जागा किती. दोन खाच्यांत दोन पट्ट्या भरलेल्या असतील तर पुढे वाढवताना जुन्या काढाव्या लागतील, हे माहीत असलेलं बरं.

## टप्पा ६ : ऑफिसचं जुनं मशीन घेऊन त्यात कार्ड बसवणार असाल तर

हा सगळ्यात स्वस्त रस्ता आणि सगळ्यात जास्त चुकणारा. क्रमाने चार गाळण्या लावा.

१. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा, अथवा रायझन २००० मालिकेचा किंवा पुढचा असावा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे याखालच्या बहुतेक प्रोसेसरना घेत नाही. आय-५ ८५०० हे या गाळणीतून पार होणारं चांगलं उदाहरण आहे.

२. आकार पूर्ण टॉवरचा हवा. बुटक्या, सडपातळ मशीनमध्ये फक्त अर्ध्या उंचीची कार्डं बसतात, ती कमी मिळतात आणि महाग पडतात.

३. एसएमपीएस उघडून बघा. मोठ्या ब्रँडच्या ऑफिस मशीनमध्ये त्याचे जोड बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, म्हणजे बाजारातला साधा एसएमपीएस लागत नाही. अशा वेळी कार्डही असं घ्यावं लागतं, जे मदरबोर्डाच्या खाच्यातून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालतं. आरटीएक्स ३०५० ६ जीबी आणि जीटीएक्स १६५० चे काही प्रकार यात बसतात. वेगळी वीजजोडणी मागणारं कार्ड नको.

४. कार्डाची लांबी आणि जाडी मोजा. खरंच टेप घेऊन मोजा. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो आणि ते विकत घेतल्यावर कळतं.

चारपैकी एक जरी अडली तर हा रस्ता सोडा. जुगाड करत बसलात तर शेवटी खर्च नव्या मशीनएवढाच होतो.

## टप्पा ७ : पैसे देण्याआधी लेखी उत्तरं

तोंडी सांगितलेलं विसरा. खालचा मजकूर जसाच्या तसा विक्रेत्याला पाठवा :

‘प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड (मेमरीसकट), मदरबोर्ड, रॅम (पट्ट्या किती, गती किती), एसएसडी आणि एसएमपीएस यांचे ब्रँड आणि पूर्ण मॉडेल क्रमांक कळवा. यातला कोणता भाग वापरलेला आहे? वॉरंटी पूर्ण मशीनची की प्रत्येक भागाची वेगळी, आणि किती काळ? कॅबिनेट उघडलं तर वॉरंटी जाते का? विंडोजचं लायसन्स खरं आहे का? वाय-फाय आहे का? परत करायची मुदत किती दिवस?’

चांगला विक्रेता दहा मिनिटांत यादी पाठवतो. ‘साहेब, टॉप क्वालिटी आहे, डोळे झाकून घ्या’ असं उत्तर आलं तर डोळे उघडे ठेवून बाहेर पडा.

यादी आली की प्रत्येक भागाची सुटी किंमत लिहून बेरीज करा. जुळवणी आणि वॉरंटी यांसाठी तयार मशीन थोडं महाग असणारच, आणि ते रास्त आहे. पण मशीन बेरजेपेक्षा बरंच स्वस्त निघालं तर आनंद मानू नका. कोणता भाग वापरलेला आहे ते पुन्हा विचारा.

> तपासा : टप्पा १ चा कागद शेजारी ठेवा. तिन्ही गेमच्या शिफारस केलेल्या गरजा या यादीत बसतात का? बसत असतील तरच पैसे द्या.

## टप्पा ८ : खोकं उघडल्यापासून पहिल्या दोन तासांत

मुलाला थांबवून ठेवणं अवघड असतं, पण थांबवा. किंवा मोबाईल हातात देऊन चित्रीकरणाचं काम त्याच्याकडे सोपवा. खोकं उघडताना सलग व्हिडिओ असला की वाद झाला तर तुमची बाजू भक्कम राहते.

१. सुरू करण्याआधी बाजूची काच काढा. प्रवासात ग्राफिक्स कार्ड हलू नये म्हणून आत फोम किंवा हवेच्या पिशव्या भरलेल्या असतात. त्या काढायच्या राहिल्या तर पंखे अडकतात. कार्ड खाच्यात नीट बसलंय का, वीजजोडणी घट्ट आहे का, हे बोटाने हलकेच तपासा.

२. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा. मागच्या बाजूला एचडीएमआयच्या दोन जागा दिसतात : वरची, यूएसबीच्या शेजारची मदरबोर्डाची, खालची, आडव्या पट्टीतली कार्डाची. खालची घ्यायची.

ही चूक किती साधी आहे ते सांगतो. माझ्या भाचीचं माइनक्राफ्ट नव्या मशीनवर सेकंदाला जेमतेम वीस फ्रेमने चालत होतं. तीन आठवडे घरात ‘आपण फसलो’ची चर्चा. ‘मामा, तू एकदा येऊन बघच,’ म्हणाली म्हणून गेलो. मशीन भिंतीपासून ओढून मागे वाकलो, तर कार्डाच्या जागांवरची काळी प्लॅस्टिकची टोपणं अजून जशीच्या तशी. केबल वर, मदरबोर्डाला. टोपण काढलं, केबल दोन इंच खाली आणली, आणि गेम लोण्यासारखा चालला. तीन आठवडे कार्ड आत नुसतं बसून होतं. तिच्या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स होते म्हणून चित्र तरी दिसलं. ‘एफ’ वाला असता तर पडदा काळाच राहिला असता आणि चूक पहिल्याच दिवशी सापडली असती.

३. विंडोज सुरू झाली की सेटिंगमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. तिथे ‘ॲक्टिव्ह’ नसेल तर विक्रेत्याला लगेच कळवा. लायसन्स तोडणारे फुकट प्रोग्रॅम चालवू नका. त्यांच्यासोबत व्हायरस येतात आणि याच मशीनवर उद्या तुमचं ईमेलही उघडलं जाणार आहे.

४. टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जा. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांची नावं लेखी यादीशी ताडून बघा. रॅमच्या पानावर किती खाचे भरलेत आणि गती किती, दोन्ही दिसतं. डीडीआर४ ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर, किंवा डीडीआर५ ची ४८०० वर चाललेली दिसली तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण गतीने चालवणारी सोय, चालू करायचं राहिलंय. तयार मशीनमध्ये हे राहणं अगदी नेहमीचं आहे.

५. कार्ड वापरलेलं असण्याची शंका असेल तर जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम चालवा. नाव बदलून विकलेली बनावट कार्डं तो बऱ्याचदा ओळखतो आणि तसं स्पष्ट दाखवतो.

६. मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) असेल तर विंडोज तो बहुधा ६० वरच चालवत असते. डिस्प्ले सेटिंगमधल्या ॲडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन आकडा बदला. वर्षभर ६० वर चाललेले १४४ चे मॉनिटर मी पाहिले आहेत.

७. ग्राफिक्सचे ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत पानावरूनच घ्या.

८. आता यादीतला सगळ्यात जड गेम लावा आणि सलग तासभर खेळू द्या. बाजूला एचडब्ल्यू इन्फो सारख्या प्रोग्रॅममध्ये तापमान बघत राहा. कार्ड ८५ अंशांच्या आत, प्रोसेसर ९० च्या आत राहिला तर ठीक. मशीन मधेच बंद पडलं तर पहिला संशय एसएमपीएसवर. पडद्यावर रंगीत चौकोन उमटले तर कार्डावर.

> सावध : हा तासभराचा खेळ परत करायच्या मुदतीतच झाला पाहिजे. ‘परीक्षा संपल्यावर उघडू’ म्हणून खोकं बांधून ठेवलंत तर दोष सापडेपर्यंत मुदत संपलेली असते.

## टप्पा ९ : मुलाचं खातं, आणि तुमचं कार्ड

मशीनचं मुख्य, ॲडमिन खातं तुमचं. मुलाला वेगळं साधं खातं बनवून द्या आणि ते मायक्रोसॉफ्ट फॅमिलीत जोडा. वेळेची मर्यादा आणि वयानुसार गेमची गाळणी तिथून लावता येते. साध्या खात्याचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे : ‘फुकट रोबक्स’ (रोब्लॉक्समधले पैसे) किंवा ‘फुकट स्किन’ (पात्राचे पोशाख) देणारी फाईल मुलाने उघडली आणि ती मशीनच्या मुळाशी बदल करायला गेली, तर प्रशासकाचा पासवर्ड मागितला जातो आणि तुम्हाला हाक येते. तो पासवर्ड मुलाला सांगू नका. वाढदिवसाची तारीखही ठेवू नका, त्यांना ती पाठ असते.

रोब्लॉक्स, एपिक (फोर्टनाइटची कंपनी) आणि स्टीम यांची पालकांची नियंत्रणं प्रत्येकी वेगळी असतात, एकात लावलं म्हणून दुसऱ्यात लागत नाही. तिन्हीकडे जाऊन अनोळखी लोकांशी गप्पा आणि खरेदी या दोन गोष्टी आधी बंद करा, मग हव्या तशा उघडा.

तुमचं बँकेचं कार्ड कुठल्याही गेमच्या खात्यात साठवून ठेवू नका. खरेदी करायचीच असेल तर ठरावीक रकमेचं गिफ्ट कार्ड टाका. आणि स्टीमवर घेतलेला गेम मशीनवर नीट चालला नाही तर घाबरू नका : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणून नवा जड गेम पहिल्यांदा लावताना घड्याळाकडे लक्ष असू द्या. मुलाचं नसतं.